टक्क्यांनी होणारी वाढ सूत्रात कशी मांडायची? घातांकी वाढीचं सविस्तर मार्गदर्शन

एखादा आकडा दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढतोय. दहा वर्षांनी तो किती होईल? घाईत तोंडातून निघतं, ‘आठ दाहे ऐंशी, म्हणजे ८० टक्क्यांनी जास्त’. प्रत्यक्षात तो जवळजवळ ११६ टक्क्यांनी वाढलेला असतो, म्हणजे दुपटीच्याही पुढे गेलेला. मधले ३६ टक्के आले कुठून? दुसऱ्या वर्षीचे ८ टक्के मूळ आकड्यावर लागत नाहीत, पहिल्या वर्षी वाढून झालेल्या आकड्यावर लागतात. शाळेत चक्रवाढ व्याज शिकताना हे सगळ्यांनी केलेलं असतं. पण तेच सूत्र लोकसंख्येला, जिवाणूंना, अ‍ॅपच्या वापरकर्त्यांना, हवेतल्या वायूंना किंवा किरणोत्सारी पदार्थाला लावायची वेळ आली की गडबड सुरू होते. दर महिन्याचा की वर्षाचा, टक्के कशाचे, मोजणी कुठून सुरू, हे प्रश्न व्याजाच्या गणितात पुस्तकाने आधीच सोडवून दिलेले असतात. इथे ते आपल्यालाच सोडवावे लागतात.

पुढची गणितं करायला घात काढणारा आणि लॉग देणारा साधा कॅल्क्युलेटर पुरेसा आहे. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर बहुतेक वेळा आडवा धरला की ही बटणं दिसतात. घातासाठी मी ^ हे चिन्ह वापरतो आहे, म्हणजे २^३ = ८.

पहिली पायरी: टक्क्याचा गुणक करा

टक्के तसेच ठेवून पुढे जाऊ नका. आधी त्यांचा गुणक काढा: टक्क्यांना १०० ने भागा आणि त्यात १ मिळवा. ५ टक्के वाढ म्हणजे १.०५ ने गुणणं. ०.३ टक्के वाढ म्हणजे १.००३. १२ टक्के घट म्हणजे १ मधून ०.१२ वजा, म्हणजे ०.८८. यातला ‘१’ म्हणजे आधीपासून असलेला सगळा आकडा आणि पुढचा अपूर्णांक म्हणजे नवी भर.

लहान टक्क्यांत दशांश चिन्ह घसरतं आणि मोठ्या टक्क्यांत ‘१’ विसरतो. ०.३ टक्क्यांसाठी १.०३ लिहिणारे खूप भेटतात. उलट बाजूला, १५० टक्क्यांनी वाढ म्हणजे २.५ पट, दीडपट नव्हे. २०० टक्क्यांनी वाढ म्हणजे तिप्पट. बातमीत ‘२०० टक्के वाढ’ दिसली की लिहिणाऱ्याला दुप्पट म्हणायचं होतं की तिप्पट, हे मूळ आकडे पाहिल्याशिवाय मी तरी मान्य करत नाही.

गुणकाची सवय लागली की दुसरी एक अडचण आपोआप सुटते. आधी २० टक्के वाढ आणि मग २० टक्के घट झाली, तर आपण होतो तिथे येत नाही. १.२ × ०.८ = ०.९६, म्हणजे ४ टक्के खाली. टक्क्यांची बेरीज-वजाबाकी करणारा इथे फसतो, गुणकांचा गुणाकार करणारा फसत नाही.

दुसरी पायरी: सूत्र मांडा आणि शून्य कुठे ते ठरवा

सुरुवातीचा आकडा ‘म’, एका कालखंडाचा गुणक ‘ग’ आणि लोटलेले कालखंड ‘क’ धरा. मग क कालखंडांनंतरचा आकडा असा मिळतो:

आकडा(क) = म × ग^क

गुणक आणि सुरुवात स्थिर राहतात, बदलणारा काळ घाताच्या जागी बसतो. म्हणून हे घातांकी फंक्शन. क^२ किंवा क^३ यांत काळ पायाच्या जागी असतो आणि ती वाढ कितीही जोरदार दिसली तरी वेगळ्या जातीची असते.

एक उदाहरण घेऊ, तेच पुढेही वापरू. एका अ‍ॅपचे आज १२,००० वापरकर्ते आहेत आणि ते दरमहा ४ टक्क्यांनी वाढतात.

आकडा(क) = १२,००० × १.०४^क

सहा महिन्यांनी १.०४^६ = १.२६५३, म्हणजे सुमारे १५,१८४. एका वर्षाने १.०४^१२ = १.६०१०, म्हणजे सुमारे १९,२१२. दोन वर्षांनी सुमारे ३०,७६०. दर तोच असला तरी पहिल्या महिन्यात ४८० नवे वापरकर्ते आले आणि तेराव्या महिन्यात ७६८ आले. टक्के स्थिर, भर वाढती. हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

आता शून्य. १२,००० हा आकडा जानेवारीअखेरचा असेल, तर जानेवारीचा क = ० आणि डिसेंबरअखेरचा क = ११, बारा नाही. १.०४^११ धरलं तर उत्तर १८,४७३ येतं. १२ धरलं तर ७३९ वापरकर्ते हवेतून येतात. खांब आणि खांबांमधलं अंतर यांच्या मोजणीत होणारी ही जुनी चूक आहे. म्हणून कागदावर सूत्राच्या आधी एक ओळ लिहून ठेवावी: क म्हणजे अमुक तारखेपासून लोटलेले महिने. कंटाळवाणं वाटतं, पण तीन महिन्यांनी स्वतःचीच शीट उघडल्यावर उपयोग कळतो.

तिसरी पायरी: दराचं एकक बदलायचं असेल तर भागाकार नको, मूळ काढा

दरमहा ४ टक्के म्हणजे वर्षाला ४८ टक्के नव्हेत. वरच आलंय, १.०४^१२ = १.६०१०, म्हणजे वर्षाला ६०.१ टक्के. उलट दिशेने जाताना बारावं मूळ काढायचं, म्हणजे १/१२ वा घात. वर्षाला १२ टक्के वाढ असेल तर महिन्याचा गुणक १.१२^(१/१२) = १.००९४९, म्हणजे दरमहा ०.९४९ टक्के. सरळ १२ ने भागून १ टक्का घेतला, तर वर्षअखेरीस १२ ऐवजी १२.६८ टक्के वाढ दिसेल.

मग कर्जाच्या किंवा ठेवीच्या हिशेबात वार्षिक दराला १२ ने भागतात, ते चूक का? चूक नाही, तो करार आहे. ‘वार्षिक १२ टक्के, दरमहा चक्रवाढ’ असं लिहिलेलं असतं तेव्हा १२ हा नावापुरता वार्षिक दर असतो, प्रत्यक्ष वार्षिक वाढ १२.६८ टक्के पडते. तुमच्या हातातला दर नावापुरता आहे की वर्षभराची प्रत्यक्ष वाढ मोजून काढलेला, हे आधी बघा. पहिल्याला भागा, दुसऱ्याचं मूळ काढा. लोकसंख्या, वापर, उत्सर्जन अशा मोजून काढलेल्या वाढीचे दर बहुतेक दुसऱ्या प्रकारचे असतात.

इथे आकडे गोल करतानाही जपावं. ०.९४९ टक्क्याला ०.९ टक्के म्हटलं तर काय बिघडतं? दहा वर्षांत १२० महिने येतात. नीट दराने आकडा ३.१०६ पट होतो, ०.९ ने २.९३० पट. पाच-सहा टक्क्यांचा फरक केवळ एका दशांश स्थळाच्या आळसामुळे. मधल्या पायऱ्यांत पाच-सहा दशांश स्थळं ठेवावीत आणि गोल करायचं ते शेवटच्या उत्तरात.

कालखंड लहान लहान करत गेलं तर? हा प्रश्न स्विस गणितज्ञ याकोब बर्नुलीने १६८३ मध्ये हाताळला होता. वर्षाला १०० टक्के दर, एकदाच लावला तर २ पट. बारा भागांत लावला तर २.६१३ पट. रोज लावला तर २.७१४६ पट. असं वाटतं की हे वाढतच जाईल, पण आकडा २.७१८२८… पाशी अडतो. हीच ती संख्या, जिला पुढे गणितज्ञ ऑयलरने ‘ई’ हे अक्षर दिलं. अखंड चालणारी वाढ म × ई^(द×क) अशी लिहितात, ‘द’ हा अखंड दर.

व्यवहारात मी म × ग^क वर थांबतो, कारण समोरच्याला ‘दरमहा ४ टक्के’ कळतं, ‘अखंड दर ०.०३९२’ कळत नाही. पण दोन्ही रूपं एकच आहेत: द = एलएन(ग), म्हणजे गुणकाचा नैसर्गिक लॉग (‘ई’ चा कितवा घात घेतला की ग मिळतो तो आकडा, कॅल्क्युलेटरवरचं ln बटण). फक्त मिसळ करू नका. ई^(०.०८×क) असं सूत्र दिसलं तर वर्षाची वाढ ८ टक्के नसते, ८.३३ टक्के असते.

चौथी पायरी: आकड्यांवरून दर काढा

वर दर दिलेला होता. खऱ्या कामात बहुतेक वेळा दोन तारखांचे दोन आकडे हातात असतात आणि दर शोधायचा असतो.

ग = (शेवटचा आकडा ÷ पहिला आकडा)^(१ ÷ मधले कालखंड)

जगाच्या लोकसंख्येवर हे लावून पाहू. १९६० च्या सुमारास ती ३०० कोटी होती. ४०० कोटी १९७४ च्या आसपास झाली, ५०० कोटी १९८७ मध्ये, ६०० कोटी १९९९ च्या सुमारास, ७०० कोटी २०११ मध्ये आणि ८०० कोटी २०२२ मध्ये. पहिल्या जोडीसाठी (४००÷३००)^(१÷१४) = १.०२०८, म्हणजे वर्षाला सुमारे २.०८ टक्के. तसंच पुढे करत गेलं तर असं मिळतं:

१९६० ते १९७४: २.०८ टक्के
१९७४ ते १९८७: १.७३ टक्के
१९८७ ते १९९९: १.५३ टक्के
१९९९ ते २०११: १.२९ टक्के
२०११ ते २०२२: १.२२ टक्के

‘लोकसंख्येचा स्फोट’ म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते, त्याचा दर साठ वर्षं सतत उतरतोय. प्रत्येक १०० कोटींना लागलेली वर्षं पाहा: १४, १३, १२, १२, ११. म्हणजे या काळात जगाची लोकसंख्या घातांकी वक्रापेक्षा सरळ रेषेच्या जास्त जवळ चालली आहे. १९७४ साली बसून कोणी २.०८ टक्के हाच दर पुढे नेला असता, तर २०२२ साठी त्याला सुमारे १,०७० कोटी हे उत्तर मिळालं असतं. प्रत्यक्षात ८००. सूत्र बरोबर होतं, दर त्या वेळेपुरता बरोबर होता, पण ‘दर असाच राहील’ ही न बोललेली अट मोडली.

यातून कामाची रीत अशी निघते: फक्त पहिला आणि शेवटचा आकडा घेऊन एकच दर काढू नका. १९६० ते २०२२ ची सरसकट सरासरी काढली तर वर्षाला सुमारे १.६ टक्के येते, आणि तो दर आज जगाच्या लोकसंख्येला लागू नाही. आधी तुकड्यातुकड्यांचे दर काढा. ते साधारण सारखे आले तरच एक दर वापरायला हरकत नाही.

सरासरीबद्दलच एक इशारा. एका वर्षी ५० टक्के वाढ, दुसऱ्या वर्षी ५० टक्के घट. टक्क्यांची सरासरी शून्य. पण १.५ × ०.५ = ०.७५, म्हणजे दोन वर्षांत पाव भाग गेला. वर्षाचा सरासरी गुणक हा ०.७५ चं वर्गमूळ, ०.८६६, म्हणजे दरवर्षी १३.४ टक्के घट. टक्क्यांची सरासरी काढायचीच असेल तर गुणकांचा गुणाकार करून मूळ काढावं, दुसरा मार्ग नाही.

पाचवी पायरी: वाढ खरंच घातांकी आहे का, हे तपासा

ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. वर चढणारा आलेख दिसला की ‘घातांकी’ म्हणून मोकळं व्हायची सवय आपल्याला लागली आहे. तपासणी मात्र दोन मिनिटांची आहे.

समजा पाच सलग वर्षांचे आकडे ८५०, १,००३, १,१७५, १,३९२ आणि १,६४० आहेत. आधी फरक काढा: १५३, १७२, २१७, २४८. फरक वाढताहेत, म्हणजे सरळ रेषा नाही. आता प्रत्येक आकड्याला मागच्याने भागा: १.१८०, १.१७१, १.१८५, १.१७८. ही गुणोत्तरं एकाच जागी घुटमळताहेत, त्यात ठरावीक चढ किंवा उतार नाही. म्हणजे घातांकी सूत्र इथे बसेल. फरक स्थिर तर सरळ रेषा, गुणोत्तर स्थिर तर घातांकी. गुणोत्तरं पायरीपायरीने उतरत असतील, वर लोकसंख्येत उतरली तशी, तर घातांकी म्हणू नका.

आकडे बरेच असतील आणि त्यांत चढउतार असतील तर लॉगचा आधार घ्या. प्रत्येक आकड्याचा नैसर्गिक लॉग काढा आणि काळासमोर मांडा. घातांकी वाढ लॉगच्या कागदावर सरळ रेषा होते, कारण लॉग गुणाकाराची बेरीज करतो. वरच्या पाच आकड्यांचे लॉग ६.७४५, ६.९११, ७.०६९, ७.२३८ आणि ७.४०२ येतात, जवळजवळ समान अंतराने. त्यांतून सर्वांत जवळची रेषा काढली की चढ ०.१६४२ मिळतो. हा अखंड दर. ई^०.१६४२ = १.१७८५, म्हणजे वर्षाला १७.८५ टक्के. सूत्र झालं: ८४९.६ × १.१७८५^क, पहिलं वर्ष क = ०.

पहिला आणि शेवटचा एवढेच आकडे घेतले असते तर १७.८६ टक्के आले असते. मग एवढा खटाटोप कशाला? इथे आकडे गुणी आहेत म्हणून फरक पडला नाही. शेवटचं एखादं वर्ष विचित्र निघालं असतं, तर दोन टोकांची पद्धत पूर्णपणे त्या एका वर्षाच्या हातात गेली असती. रेषा मात्र सगळ्यांचं थोडं थोडं ऐकते.

स्प्रेडशीटमध्ये आलेखाला ट्रेंडलाइन जोडून ‘एक्स्पोनेन्शियल’ पर्याय निवडला की हेच काम होतं, पण दोन ठिकाणी लक्ष हवं. समीकरण ई च्या घाताच्या रूपात येतं, त्यामुळे घातातला ०.१६४२ पाहून ‘१६.४ टक्के वाढ’ असं लिहू नका. आणि साध्या रेषालेखात बऱ्याचदा पहिल्या बिंदूचा क शून्य नसून १ धरला जातो. तेव्हा समोरचा गुणांक ८४९.६ ऐवजी ७२१ च्या आसपास दिसतो. समीकरण चुकलेलं नसतं, फक्त त्याचं शून्य एक वर्ष मागे गेलेलं असतं.

शून्य किंवा ऋण आकड्यांचा लॉग निघत नाही. माहितीत शून्य आलं तर त्याजागी ०.००१ टाकून वेळ मारून नेण्याचा मोह आवरावा. असा एक खोटा आकडा अख्खी रेषा वाकवू शकतो. शून्यापासून सुरू होणाऱ्या गोष्टीला पहिल्या टप्प्यात टक्क्यांची भाषाच लागू होत नाही.

टक्के नेमके कशाचे? तळाचा प्रश्न

माझ्या मते संपूर्ण विषयातला हा सर्वांत रंजक भाग आहे आणि तो नेमका फारसा कोणी सांगत नाही. काही आकड्यांना खाली एक न बदलणारा तळ असतो आणि वाढतो तो फक्त त्यावरचा भाग. अशा वेळी एकूण आकड्यावर टक्के काढले तर उत्तर भलतंच मिळतं.

हवेतला कार्बन डायऑक्साइड घ्या. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ पासून त्याची सलग मोजणी चालू आहे. १९५९ ची वार्षिक सरासरी दर दशलक्ष भागांत सुमारे ३१६ होती, २०२३ ची सुमारे ४२१. ६४ वर्षांत १.३३ पट, म्हणजे वर्षाला ०.४५ टक्के. पण औद्योगिक युगाच्या आधीही हा वायू हवेत होताच, साधारण २८०. माणसाच्या कामांमुळे वाढला तो त्यावरचा भाग: १९५९ मध्ये ३६, २०२३ मध्ये १४१. म्हणजे ३.९२ पट, वर्षाला सुमारे २.१६ टक्के. त्याच आकड्यांतून दोन दर निघाले, एक दुसऱ्याच्या जवळजवळ पाचपट.

दोन्हींपैकी कोणाचं खरं? मधल्या वर्षावर परीक्षा घेऊ. १९९१ हे बरोबर मधलं, ३२ वर्षांवरचं. पहिलं सूत्र ३१६ × १.३३२३^(१/२) म्हणजे सुमारे ३६५ सांगतं. दुसरं, २८० + ३६ × ३.९१७^(१/२), सुमारे ३५१ सांगतं. प्रत्यक्ष मोजणी होती सुमारे ३५६. दुसरं सूत्रही अचूक नाही, पण त्याची चूक पहिल्याच्या निम्मीच आहे. सरळ रेषा ३६८ च्या पुढे गेली असती.

म्हणून असा तळ असेल तिथे सूत्र असं लिहा: आकडा(क) = तळ + म × ग^क, आणि म म्हणजे तळावरचा भाग. गरम वस्तू थंड होतानाही हेच घडतं. तिथे टक्क्यांनी घटतो तो वस्तू आणि खोली यांच्या तापमानांतला फरक, तापमान स्वतः नव्हे. सेल्सिअस आणि फॅरनहाइटमध्ये तापमानाच्या ‘टक्के वाढी’ वेगवेगळ्या का येतात, याचंही उत्तर इथेच आहे. त्यांचं शून्य सोयीने ठेवलेलं आहे.

किती काळात दुप्पट? किती काळात अमुक?

काळ शोधायचा असेल तर तो घातावरून खाली आणावा लागतो, आणि ते काम लॉग करतो.

क = एलएन(हवा तो आकडा ÷ म) ÷ एलएन(ग)

आपल्या अ‍ॅपला ५०,००० वापरकर्ते कधी मिळतील? ५०,००० ÷ १२,००० = ४.१६६७. त्याचा लॉग १.४२७१, १.०४ चा लॉग ०.०३९२२. भागाकार ३६.४. महिनाअखेरीलाच मोजत असाल तर ३६ व्या महिन्याच्या शेवटी आकडा अजून खालीच असेल, ३७ व्याच्या शेवटी ओलांडलेला दिसेल. दहाच्या पायाचा लॉग वापरला तरी उत्तर तेच, फक्त वर-खाली एकच लॉग हवा.

दुपटीसाठी तोंडी हिशेब आहे: ७२ ला टक्क्यांनी भागा. इटालियन गणितज्ञ लुका पाचोलीने १४९४ मध्ये छापलेल्या अंकगणितात हा नियम आढळतो, म्हणजे लॉगचा शोध लागण्याच्या शंभरेक वर्षं आधी. ८ टक्क्यांना ९ वर्षं. खरं उत्तर ९.०१. ४ टक्क्यांना १८, खरं १७.७. दर १-२ टक्के असेल तर ७२ ऐवजी ७० घ्या: २ टक्क्यांना ३५, जे तंतोतंत बसतं. २५ टक्क्यांसारख्या मोठ्या दराला मात्र नियम २.८८ सांगतो आणि खरं उत्तर ३.११ असतं, तिथे लॉगच बरा.

उलटही जाता येतं. चिपवरच्या ट्रान्झिस्टरांची संख्या दर दोन वर्षांनी दुप्पट होईल, असं इंटेल कंपनीचे सहसंस्थापक गॉर्डन मूर यांनी १९७५ मध्ये सांगितलं (१९६५ मधला त्यांचा पहिला अंदाज दरवर्षी दुपटीचा होता). दोन वर्षांत २ पट म्हणजे वर्षाला २^(१/२) = १.४१४, म्हणजे ४१.४ टक्के, पन्नास नव्हे. दहा वर्षांत ३२ पट.

घटीला वेगळं शिकायची गरज नाही, गुणक १ पेक्षा लहान एवढंच. कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं आहे, म्हणून उरलेला भाग = ०.५^(क÷५,७३०). दहा हजार वर्षांनी सुमारे २९.८ टक्के उरतो. दुपटीचा किंवा निमपटीचा काळ माहीत असेल तर वार्षिक दर काढत बसू नका, हेच रूप सरळ वापरा.

सूत्र कुठे सोडून द्यायचं

ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल परिस्थितीत साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. एका दिवसात ७२ दुपटी. एकापासून सुरुवात केली तर २^७२, म्हणजे सुमारे ४७ वर वीस शून्यं. एका जिवाणूचं वजन एका ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागाएवढं धरलं तरी दिवसअखेर ४,७०० टन जिवाणू व्हायला हवेत. होत नाहीत, कारण त्याच्या कितीतरी आधी अन्न संपतं.

मर्यादा असलेल्या वाढीसाठी पिएर फ्रान्स्वा व्हेरहुल्स्ट या बेल्जियन गणितज्ञाने १८३८ मध्ये सूत्र मांडलं. त्याचं एका पायरीचं रूप हातानेही चालवता येतं:

या महिन्याची भर = दर × आकडा × (१ − आकडा ÷ मर्यादा)

आपल्या अ‍ॅपला जास्तीत जास्त ४०,००० लोक मिळू शकतात असं धरा. इथे सावध राहा: मोजलेले ४ टक्के तसेच दराच्या जागी टाकायचे नाहीत. आज १२,००० वर कंसाची किंमत ०.७ आहे आणि ४ टक्के हे त्या कंसाने आधीच कापून मिळालेले आहेत. मूळ दर ४ ÷ ०.७ = ५.७१ टक्के. आता आज भर ४८० येते, जशी यायला हवी. २०,००० वर, म्हणजे निम्म्या मर्यादेवर, ती ५७१ होते. हा तिचा उच्चांक. ३६,००० वर फक्त २०६. साधं घातांकी सूत्र तिथे १,४४० सांगत राहिलं असतं.

गंमत अशी की सुरुवातीच्या काही महिन्यांत दोन्ही सूत्रं जवळजवळ सारखे आकडे देतात. आलेख पाहून ती वेगळी ओळखता येत नाहीत. म्हणून मर्यादा आलेखात शोधायची नसते, विषयात शोधायची असते: जागा किती, लोक किती, अन्न किती, बाजार केवढा. आणि आलेखात एक खूण आधी दिसते ती म्हणजे पाचव्या पायरीतली गुणोत्तरं हळूहळू १ कडे सरकू लागतात.

अंदाज सांगताना

दरातली छोटी चूक काळाबरोबर मोठी होते. ३० वर्षांत ७ टक्क्यांनी आकडा ७.६ पट होतो, ८ टक्क्यांनी १०.१ पट. दर ठरवण्यात एका टक्क्याची शंका असेल, आणि बहुतेकदा असतेच, तर ‘३० वर्षांनी १०.०६ पट’ असं दोन दशांश स्थळांपर्यंत सांगण्यात अर्थ नाही. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त पटण्याजोगा दर घ्या, दोन्हींनी सूत्र चालवा आणि उत्तर ‘साडेसात ते दहा पट’ असं द्या. या दोन टोकांमधलं अंतर किती कालखंडांनंतर कामाच्या मानाने फार रुंद होतं, ते शीटमध्ये बघा आणि आलेख तिथेच थांबवा. पाच वर्षांच्या माहितीवरून पन्नास वर्षांची रेषा ओढायला स्प्रेडशीट हरकत घेत नाही. ती तुम्हालाच घ्यावी लागते. अंदाजासोबत त्याचा दर, एकक, शून्याची तारीख आणि धरलेला तळ किंवा मर्यादा एका ओळीत लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी नवा आकडा आला की यातलं नेमकं काय बदलायचं ते शोधावं लागणार नाही.